ब्लूटूथ स्पीकर घेतलाय, पण तो नक्की कोणाच्या फोनचं ऐकतो?

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला स्पीकर, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे बऱ्यापैकी घासून झालाय, तर लिहितोच. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण या किमतीतले बहुतेक स्पीकर साधारण असेच वागतात.

आवाज मस्त. आमची लालबागची चाळीतली खोली, अर्ध्या व्हॉल्युमलाच भरून जाते, बेस जरा जास्तच आहे पण अभंगातला पखवाज ऐकायला मजा येते. पहिल्यांदा जोडायला तर काहीच नाही, स्पीकरवरचं ब्लूटूथचं बटण दाबून धरायचं, निळा दिवा भराभर लुकलुकायला लागला की फोनच्या ब्लूटूथमध्ये जाऊन नाव दिसलं की टॅप करायचं, झालं.

खरी गंमत पुढे. घरात सगळ्यांनी हौसेने आपापला फोन जोडून ठेवला आणि हा स्पीकर चालू केला की आधी शेवटी जोडलेल्या फोनला शोधतो. आई पहाटे साडेपाचला अभंग लावायला बसते, तेव्हा हा टुंग करून माळ्यावर झोपलेल्या भावाच्या आयफोनला जाऊन चिकटतो आणि आईचा फोन बसतो नुसता गोल गोल फिरत. आई खालून ओरडते, "अरे, तुझं ते ब्लूटूथ बंद कर आधी!" तो म्हणतो रात्रीच बंद केलंय. आणि तो खोटं बोलत नव्हता हो! आयफोनला वरून स्क्रीन ओढून जे ब्लूटूथचं बटण येतं ना, त्याने ते पूर्ण बंद होतच नाही, फक्त जोडलेल्या वस्तू सुटतात आणि पहाटे 5 वाजता सगळं आपोआप पूर्ववत. म्हणजे आईच्या बरोबर अर्धा तास आधी. पूर्ण बंद करायचं तर सेटिंगमध्ये जाऊनच करावं लागतं.

अँड्रॉइडवाल्यांना जास्त सोय आहे. स्पीकरच्या नावापुढच्या चक्रावर टॅप केलं की फोन कॉल आणि मीडिया ऑडिओ अशी वेगवेगळी बटणं मिळतात. कॉलचं बंदच ठेवा, नाहीतर मावशीचा फोन यायचा आणि कुणाचं लग्न कुठे अडलंय ते अख्ख्या गॅलरीला कळायचं.

आवाज मधेमधे तुटतो ही तक्रार सगळ्यांचीच असते. खोक्यावर 10 मीटर लिहिलंय, ते मोकळ्या जागेत. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, वायफायसुद्धा त्याच पट्ट्यात, आणि चाळीत तर दर खोलीत एक राउटर. त्यात फोन मागच्या खिशात आणि स्पीकर समोर असेल तर मधे आपलं शरीर येतं, त्यातलं पाणी या लहरी शोषून घेतं. फोन टेबलावर काढून ठेवला आणि आमचं वायफाय 5 गिगाहर्ट्झवर टाकलं तेव्हापासून बराच फरक आहे.

आयपीएक्स 7 (स्पीकर पाण्यात किती टिकतो त्याचं रेटिंग) म्हणजे गोड्या पाण्यात 1 मीटर खोल 30 मिनिटं. जुलैच्या पावसात गॅलरीत भिजला, काही झालं नाही. पण म्हणून अक्सा बीचवर नेऊन लाटेत ठेवू नका, खारं पाणी त्यात धरलेलं नाही. भिजला असेल तर चार्जिंगची पिन नीट सुकल्याशिवाय वायर लावायची नाही. बॅटरीचे तास लिहितात ते मध्यम आवाजाचे, फुल्ल ठेवलात तर तेवढे चालणार नाहीत.

रोजच्या कटकटीला कंटाळून भावाने दिवाळीत स्वतःचा वेगळा स्पीकर आणला, वर म्हणाला दोन्ही जोडून स्टिरिओ करू. कंपन्या वेगळ्या, त्यामुळे जोडी काही जमली नाही. या दोघांचं जमायला कंपनी एकच लागते, बऱ्याचदा मॉडेलसुद्धा तेच लागतं. दोन घ्यायचा विचार असेल तर दुकानातच जोडून दाखवायला सांगा.