सांडपाण्यातला प्रतिरोध: कल्चर, क्यूपीसीआर की मेटाजीनोमिक्स?

प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक्सना) दाद न देणारे जिवाणू किती पसरलेत हे पाहण्यासाठी शहराच्या सांडपाण्यावर पाळत ठेवायचं ठरलं की पहिला वाद पद्धतीवरून होतो. मेटाजीनोमिक्सचा (नमुन्यातल्या सगळ्या जिवाणूंचा डीएनए एकत्र वाचण्याचा) सध्या बोलबाला आहे, म्हणून अनुदानाच्या अर्जात तेच आधी लिहिलं जातं. माझ्या मते आधी प्रश्न ठरवा, मशीन नंतर.

तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनला (हा प्रतिजैविकांचा एक गट) दाद न देणारे ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू किती, एवढंच हवं असेल तर कल्चर, म्हणजे जिवाणू प्लेटवर वाढवणं, पुरे. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘ट्रायसायकल’ प्रोटोकॉल हेच करतो: टीबीएक्स माध्यमाची (यावर ई. कोलायच्या कॉलनी निळ्या-हिरव्या दिसतात) एक साधी प्लेट, एक सेफोटॅक्झिम हे त्याच गटातलं औषध घातलेली. दुसऱ्या दिवशी दोन्हींवरच्या निळ्या-हिरव्या कॉलनी मोजायच्या, प्रमाण काढायचं. खर्च बेताचा, शिवाय जिवंत जिवाणू हाती राहतो आणि त्याची एमआयसी (वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान मात्रा) काढता येते. प्लेटवर न वाढणारे मात्र निसटतात.

एनडीएम-1 सारख्या माहितीतल्या प्रतिरोधक जनुकासाठी क्यूपीसीआर, म्हणजे ठरावीक डीएनएच्या प्रती वाढवून तो मोजणं. अगदी थोडं असलं तरी सापडतं, पण ज्याचा प्रायमर (ते जनुक हेरणारा डीएनएचा छोटा तुकडा) टाकलाय तेवढंच.

मेटाजीनोमिक्स आधी काही ठरवत नाही, नमुन्यातला डीएनए सरसकट वाचतं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या गटाने 60 देशांतल्या 79 ठिकाणचं सांडपाणी असं तपासलं (2019). प्रतिरोधक जनुकांच्या प्रमाणाचा त्या-त्या देशाच्या सामाजिक-आर्थिक आणि आरोग्यस्थितीशी घट्ट संबंध दिसला. दुसरा फायदा साठवलेल्या डेटाचा. नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधून एमसीआर-1 या, कोलिस्टिन नावाच्या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या, जनुकाची बातमी आली, आणि डेन्मार्कमध्ये महिन्याभरात ते जुन्या सिक्वेन्समध्ये (आधीच वाचून साठवलेल्या डीएनएमध्ये) सापडलंही. (ते वेगळ्या काढलेल्या जिवाणूंचे जीनोम होते, पण मेटाजीनोमिक्सच्या फाइलीही अशाच पुन्हा चाळता येतात.)

आता तोटे, कारण विक्रेते ते सांगत नाहीत. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजला जातो. दुर्मीळ जनुक गर्दीत हरवतं. छोट्या रीड्समधून (मशीनने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून) जनुक कळतं, ते कोणत्या जिवाणूत आहे हे बहुधा नाही. नॅनोपोर या तंत्राच्या लांब रीड्सनी थोडं सोपं होतं, तरी प्लास्मिड (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारं डीएनएचं सुटं कडं) कुणाचं हा घोळ उरतोच. डीएनए काढायचं किट मध्येच बदललंत तर जिवाणूंचं प्रमाणच बदललेलं दिसेल. आणि बायोइन्फॉर्मेटिक्सचा (असा डेटा संगणकावर तपासणारा) माणूस नसेल तर फाइली नुसत्या पडून राहतात.

बजेट मध्यम असेल तर दरमहा कल्चर करा, पावसाळ्याआधी आणि हिवाळ्यात एकेकदा मेटाजीनोमिक्स. दर महिन्याच्या नमुन्याचा थोडा गाळ उणे 80 अंशांवर ठेवा. एखाद्या महिन्यात कल्चरचा आकडा उसळला तर तोच नमुना सिक्वेन्सिंगला पाठवता येईल.