जबड्याचा कृत्रिम सांधा: कोटेशनवर नुसतं ‘टायटॅनियम’ असेल तर थांबा

कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीत ज्यांचा ओतकामाशी संबंध येतो, त्यांना यातलं बरंचसं लगेच कळेल. सांध्याचे भाग दोन. वरची खोबण कवटीच्या हाडाला आणि खालचा दांडा-डोकं जबड्याला, दोन्ही स्क्रूने बसवतात.

झिमर बायोमेटच्या तयार सांध्यात खोबण अख्खी पॉलिथिलीनची (प्लास्टिकची) असते. दांडा कोबाल्ट-क्रोम-मॉलिब्डेनमचा, हाडाकडच्या बाजूला टायटॅनियमचा खरखरीत थर, लांबी ४५, ५० किंवा ५५ मिमी. स्ट्रायकरचा (पूर्वीचा टीएमजे कन्सेप्ट्स) सांधा सीटी स्कॅनवरून पेशंटच्या मापाने बनतो: खोबणीच्या पाठीला टायटॅनियमची जाळी, दांडा टायटॅनियम-६-४चा (६% अॅल्युमिनियम, ४% व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू) आणि डोकं मात्र कोबाल्ट-क्रोमचं. महाग आहे, पण मांडणी हीच जास्त पटते.

कारण टायटॅनियम-६-४ची ताठरता साधारण ११० गिगापास्कल, कोबाल्ट-क्रोमची २००च्या वर. हाड या दोन्हींपेक्षा कमी ताठर, त्यामुळे त्याच्याशी टायटॅनियमचं जास्त जमतं. घासण्यात मात्र ते कच्चं. वरचा ऑक्साइडचा थर फाटतो, धातू ओरबाडला जातो आणि आजूबाजूच्या मांसात काळी भुकटी साचते. कोबाल्ट-क्रोममध्ये २७-३०% क्रोमियम, ५-७% मॉलिब्डेनम. कडक असल्याने आरशासारखं पॉलिश टिकतं.

आता थ्रीडी प्रिंटिंगचे देशी सांधे. किंमत कमी, आणि अँकायलोसिसमध्ये (सांधा हाडाने जखडून जाणं) वेडंवाकडं झालेलं हाड असेल तर फिटिंग उत्तम. पण प्रिंट केलेल्या पृष्ठभागावर अर्धवट वितळलेले पावडरचे कण चिकटलेले असतात. हाडाकडे ते चालतात, पॉलिथिलीनकडे आले तर कानस होते. डोकं कशाचं, पॉलिश कुठवर, प्रिंटनंतर हीट ट्रीटमेंट आणि एचआयपी (उष्णता आणि सगळीकडून दाब देऊन धातू घट्ट करणं) झालं का, हे लेखी घ्या. एचआयपी नसेल तर आतली पोकळी तशीच राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो. बसत नाही म्हणून ऑपरेशन टेबलवर प्लायरने दांडा वाकवणं तर नकोच. टायटॅनियमला खाच पडली की ते थकून तुटतं.

निकेलचा प्रश्न वेगळा. ओतलेल्या कोबाल्ट-क्रोममध्ये (अमेरिकन मानक एएसटीएम एफ७५) ०.५%पर्यंत निकेल चालतं. इमिटेशनचा साज किंवा कानातलं घातलं की पुरळ येत असेल, तर आधी पॅच टेस्ट (त्वचेवरची अॅलर्जी चाचणी) करा आणि सर्जनला सांगा; पूर्ण टायटॅनियमचा खालचा भाग मागवता येतो. मात्र मग डोक्यावर कोणता कडक लेप आहे ते विचाराच.

डिस्चार्जच्या कागदांत दोन्ही भागांचे लॉट नंबरचे स्टिकर चिकटवून घ्या. पुढे एमआरआय करायची वेळ आली की रेडिओलॉजिस्ट पहिल्यांदा तेच मागतो. कोबाल्ट-क्रोममुळे चित्र टायटॅनियमपेक्षा जास्त बिघडतं.