फ्रान्समधलं घर, फेरीचं तिकीट आणि माझे १,७२० पौंड

आधी आकडा सांगतो, म्हणजे मला बिचारा म्हणायचं की मूर्ख, ते तुम्हाला वाचता वाचता ठरवता येईल. १,७२० पौंड ९४ पेन्स. त्यात घराचे १,३८० युरो, बँकेने लावलेल्या भावाने १,१९६.४० पौंड. फेरीचे, म्हणजे गाडीसकट समुद्रापार नेणाऱ्या बोटीचे, ६०५ युरो, म्हणजे ५२४.५४ पौंड. रुपयांत करू नका. मी केलंय, दोन लाखांच्या घरात जातं आणि मग रात्री झोप लागत नाही.

मी इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. सोळा वर्षं आयटीत आहे. ऑफिसात दर सहा महिन्यांनी फिशिंगचं, म्हणजे ऑनलाइन फसवणूक ओळखायचं, ट्रेनिंग असतं, त्यात मला पैकीच्या पैकी मार्क पडतात. हे बढाई म्हणून सांगत नाही. 'असं आम्हाला कसं कोण फसवेल' म्हणून पुढे सरकणारे जे आहेत, त्यांच्यातलाच मी होतो, एवढ्यासाठी सांगतोय.

गेल्या वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात, आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. पॅरिस त्यांचं पूर्वी झालेलं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पळापळ नको होती. म्हटलं, फ्रान्समध्ये खेड्यात एखादं घर आठवडाभर भाड्याने घेऊ. तिकडे अशा घरांना झीत म्हणतात. स्वतःचं स्वयंपाकघर, अंगण, आईला सकाळी चहा तिच्या हाताने करता येईल. जाहिरातीच्या एका साइटवर ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य भागात, दिनान गावाजवळ एक घर दिसलं. तीन खोल्या, सफरचंदाची झाडं, निळ्या खिडक्या. सात रात्रींचे १,०८० युरो, वर ३०० डिपॉझिट.

जायचं कसं, याची मी एक्सेल शीट केली होती. आता ती उघडवत नाही. गॅटविकहून नान्तला विमानाने जाऊन पुढे गाडी भाड्याने घ्यायची, हा पहिला पर्याय. तिकीट ३४.९९ पौंडांचं दिसतं म्हणून हुरळून जाऊ नका. सहा माणसांच्या बॅगा, आई-बाबांजवळ कुणीतरी बसावं म्हणून सीटचे पैसे, असं करत करत ते ६८८ वर गेलं, आणि नान्तला सात सीटची ऑटोमॅटिक गाडी ६४० युरो वेगळी. दुसरा पर्याय डोव्हर–कॅले. फेरी दीड तासाची आणि स्वस्त, पण कॅलेहून दिनान म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास, मागच्या सीटवर आईचे गुडघे. न्यूहेवन–दिएप चार तासांची, तिथूनही बरंच अंतर उरतं. उरली पोर्ट्समथ–सें-मालो. रात्री गाडी बोटीत घालायची, केबिनमध्ये झोपायचं, सकाळी ब्रिटनीत उतरायचं आणि अर्ध्या तासात घर. जाऊन-येऊन, गाडी आणि दोन केबिन धरून, कंपनीच्या साइटवर ७४२ पौंड.

हा ७४२ चा आकडा मी घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितला. स्वतःहून. कशाला सांगितला ते देव जाणे, बहुतेक घरभाडं थोडं कमी करेल म्हणून. तो म्हणाला, भाडं कमी करता येत नाही, पण मी फेरीच्या घरमालक-क्लबाचा सभासद आहे, तुमचं तिकीट माझ्या सवलतीत काढून देतो. ६०५ युरो पाठवा.

इथे माझी बाजू ऐकून घ्या. असे क्लब खरोखर असतात. फ्रान्समध्ये घरं असलेले हजारो इंग्रज वर्षातून चार-पाच वेळा ये-जा करतात, त्यांना फेरीत सवलत मिळते, त्यांच्या पाहुण्यांनाही थोडी मिळते. मी शोधून वाचलं होतं. भामट्याने थाप मारली असती तर मी पकडली असती. त्याने खरी गोष्ट सांगितली आणि मी तिच्यावर भुललो. फरक एवढाच की खऱ्या क्लबात तुम्हाला कोड मिळतो आणि तो तुम्ही स्वतः कंपनीच्या साइटवर घालून स्वतःच्या कार्डाने पैसे भरता. मालकाच्या खात्यात तिकिटाचे पैसे कोणी भरत नाही. कोणीही नाही.

पैसे ६ मे २०२५ ला पाठवले. घराचे एप्रिलमध्येच गेले होते, तेही सगळेच्या सगळे. तिकडचे खरे मालक आधी पाव हिस्सा, फार तर तीस टक्के घेतात, बाकी नंतर. हे मला आता माहीत आहे.

आणि आता ती रात्र. ८ मे, गुरुवार, पावणेबारा. तिकिटाची पीडीएफ आली होती. सहाही जणांची नावं, केबिनचे नंबर, लोगो, सगळं व्यवस्थित. मी सहज म्हणून कंपनीच्या साइटवर जाऊन तो बुकिंग नंबर टाकला. लाल पट्टी आली, असं बुकिंग सापडत नाही. परत टाकला. शून्याच्या जागी 'ओ' घालून बघितला, 'ओ'च्या जागी शून्य. परत लाल पट्टी. त्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं, तर दोन मिनिटांत उत्तर. फ्रान्समध्ये तेव्हा पाऊण वाजला होता! क्लबाची बुकिंग साध्या साइटवर दिसत नाहीत, क्लबाच्या खात्यात दिसतात, काळजी नसावी. शेवटी एक हसरा चेहरा.

बायको शेजारून म्हणाली, "उद्या त्यांना फोन करून विचार ना सरळ."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डेमो होता. शनिवारी मुलीचं स्विमिंग. सोमवारी विसरलो. नाही, विसरलो नाही, खोटं कशाला लिहू. फोन केला आणि त्यांनी 'नाही' म्हटलं तर काय करायचं, ते मला नको होतं. तोवर त्याच पत्त्यावर आई-बाबांच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज तयार झाला होता, माणशी ९० युरो फी. घर खरं असणं ही माझी गरज झाली होती. तो एक फोन तेव्हा केला असता तर फेरीचे नाहीत, पण निदान पुढचा तमाशा वाचला असता.

५ ऑगस्टला संध्याकाळी निघालो. डिकीत पोह्याचा चिवडा, बेसनाचे लाडू, छोटा कुकर, आईच्या गुडघ्याची उशी. ए-३ ने हाइंडहेडच्या बोगद्यातून जाताना मुलं आरडाओरडा करत होती. बंदरावर रांगेत उभे असताना बाबांनी माझ्याकडून तिकिटाचं प्रिंट मागून घेतलं. बाबा एसटीत कंडक्टर होते, चौतीस वर्षं. कागद हातात आला की त्यांचा अंगठा आपोआप कडेवरून फिरतो. त्यांनी तो उलटा-सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवला, परत बघितला आणि म्हणाले, "अरे, गाडी बोटीत जाणार ना? मग यावर गाडीचा नंबर कुठाय?"

नव्हता. तीन महिने तो कागद माझ्या फोनमध्ये होता, माझ्या लक्षात आलं नव्हतं. गाडी बोटीत न्यायची तर तिचा रजिस्ट्रेशन नंबर कंपनीला द्यावा लागतो. त्या भामट्याने पासपोर्टच्या कॉप्या मागितल्या, सहाच्या सहा. गाडीचा नंबर त्याने कधी विचारलाच नाही.

खिडकीतल्या बाईंनी तीनदा शोधलं. वागायला चांगल्या होत्या, तेच जास्त लागलं. मागच्या गाड्यांचे दिवे आरशात चमकत होते. मी मालकाला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो गेला होता, राखाडी डोकं तेवढं उरलं होतं. आम्हाला रांगेतून बाजूला काढलं, तेव्हा मोठ्या मुलाने खिडकीत तोंड लपवलं.

पार्किंगमध्ये बायकोने घराचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला. अर्ध्या मिनिटात तेच घर, तीच सफरचंदाची झाडं, दुसऱ्या मालकाच्या नावावर दोर्दोन्यात निघालं. दोर्दोन्य म्हणजे कितीतरी खाली, दक्षिणेला. आणि हे तर फोटोतच दिसत होतं! ब्रिटनीतली जुनी घरं करड्या ग्रॅनाइटची, वर काळ्या पाटीच्या दगडाचं छप्पर. आमच्या फोटोतलं घर मधासारख्या पिवळट दगडाचं, वर तपकिरी कौलं. जांभ्याचं घर दाखवून कोणी मला 'हे आमचं साताऱ्याचं घर' म्हणाला असता तर मी त्याला दारातून हाकललं असतं. परदेशात गेलं की डोळे घरी ठेवून जातो का आपण?

त्या रात्री पोर्ट्समथमधल्याच साउथसीत एका ठिकाणी दोन खोल्या घेतल्या, १८९ पौंड. हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

आता बँक. एक तास पन्नास मिनिटं फोनवर ताटकळलो. मग कळलं की ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे, असं फसवून पैसे काढून घेतले तर बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचे. मी सुटकेचा श्वास सोडला. तर पुढे, "पण सर, हे दोन्ही खाती ब्रिटनमध्ये असतील तरच." माझे गेले युरोत, परदेशी खात्यात. आणि ते फ्रान्समध्येसुद्धा नव्हतं. आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, सुरुवात एलटीने, म्हणजे लिथुआनिया. फ्रेंच खातं एफआरने सुरू होतं. मी तेव्हा विचारलं होतं हो, तो म्हणाला ऑनलाइन बँक आहे. तसं असतंही, माझ्याच ऑफिसातल्या दोघांची खाती तशी आहेत. बँकेचं म्हणणं, तुम्हाला स्क्रीनवर धोक्याची सूचना दाखवली होती, तुम्ही 'समजलं' वर टिचकी मारलीत. मारली. अहो, भाचीला वाढदिवसाचे वीस पौंड पाठवतानाही तुम्ही तीच सूचना दाखवता!

तेच घरभाडं जाहिरातीच्या साइटमधून क्रेडिट कार्डाने भरलं असतं, तर १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ चा आधार निदान मागता आला असता. शंभर पौंडांवरच्या वस्तू किंवा सेवेसाठी कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. कार्डावर तीन टक्के जास्त पडतील म्हणाला होता तो. म्हणून मी ट्रान्सफर केलं. तीन टक्के.

पोलिसांच्या फसवणूक नोंदवायच्या लाइनवर सव्वा तास गेला, एक नंबर मिळाला आणि पाच आठवड्यांनी पत्र आलं की तुमची तक्रार पुढच्या तपासासाठी देण्यात आलेली नाही. कारण दिलेलं नाही. फ्रान्सच्या पोलिसांना ट्रान्सलेटर लावून ईमेल केली, उत्तर आलं की जिथे राहता तिथे तक्रार करा. जिथे राहतो तिथले म्हणतात गुन्हा फ्रान्समधला. जाहिरातीच्या साइटने सांगितलं की तुम्ही पैसे आमच्या बाहेर दिलेत, सबब आमचा संबंध नाही. ती जाहिरात मात्र त्यानंतर अकरा दिवस तिथेच होती, मी रोज बघत होतो. चार वेळा रिपोर्ट केली. चारही वेळा 'आपला अभिप्राय मोलाचा आहे'. माझ्या सहा पासपोर्टच्या कॉप्या लिथुआनियात की आणखी कुठे फिरतायत, त्याचं काय करायचं ते विचारायला या सगळ्यांत एकही खिडकी नाही.

ऑगस्टमध्ये घर घेणार असाल तर हे बघा. भर सीझनला तिकडची घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात. आमचा भामटा बुधवार ते बुधवार द्यायला लगेच तयार झाला, मला वाटलं किती समजूतदार माणूस. हिशेबात पर्यटक कर आहे का ते विचारा, खरा मालक तो सोडत नाही. आमच्या बिलात नव्हता, मी खूश झालो होतो. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, गावच्या मेरीत फोन करा, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत. पर्यटकांना द्यायच्या घराची नोंद करावी लागते, आणि गाव छोटं असेल तर बाई नावासकट सांगतात. मोडकं इंग्रजी बोलतात, आपणही मोडकं फ्रेंच बोलायचं. मी फोन केला. सप्टेंबरमध्ये. असं घर नाही म्हणाल्या.

गणपतीत मंडळात सगळ्यांनी विचारलं, फ्रान्स कसं झालं. बोट रद्द झाली असं सांगितलं. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी काहींना आत्ता कळतंय. असो.

आई-बाबा सप्टेंबरअखेर परत गेले, व्हिसा कोराच राहिला. लाडू साउथसीच्या समुद्रकाठी संपले. ते प्रिंट बाबांनी चार घड्या घालून त्यांच्या डायरीत ठेवलंय, पोलिसांना पुरावा लागेल म्हणून. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, "मागितला का रे कोणी तो कागद?"