चेक इंजिन लाईट आणि ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

डॅशबोर्डवरची ती इंजिनच्या चित्राची पिवळी लाईट ज्यांच्या गाडीत सारखी लागते-विझते त्यांना आधीच सांगतो, हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड मोबाईलवर दाखवणारा छोटा डबा) घ्याच, पण नुसता कोड वाचायला घेऊ नका. कोड गॅरेजवालाही वाचून देतो. पैसे वसूल होतात ते लाईव्ह डेटामध्ये, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांमध्ये, आणि तिकडे बहुतेक लोक बघतच नाहीत.

माझी गाडी २०१४ ची पेट्रोल सेडान, बीएस-४. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची पद्धत) सक्तीचं झालं, त्यामुळे स्टिअरिंगच्या खाली तो १६ पिनांचा सॉकेट आहे. लाईट लागली, गॅरेजमध्ये कोड निघाला पी-०१७१, त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी दिली. थोड्या दिवसांनी लाईट परत हजर. मग इंजेक्टर साफ केले, परत तेच, आणि दरवेळी बिल वेगळं.

आता पी-०१७१ चा अर्थ एवढाच की मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवा जास्त आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय. कुठला पार्ट गेला हे तो कोड सांगतच नाही. ऑक्सिजन सेन्सर तर बिचारा बरोबर तक्रार करत होता आणि त्यालाच बदललं! हे मला स्कॅनर हातात आल्यावर, ॲपमध्ये फ्युएल ट्रिमचे आकडे बघून कळलं.

फ्युएल ट्रिम नीट समजून घ्या, सगळा खेळ तिथेच आहे. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. एक्झॉस्टमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली होत इसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सांगत राहतो की मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) आहे की पातळ, आणि इसीयू त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. त्या क्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम आणि मुरलेली सवय म्हणजे लाँग टर्म ट्रिम. आकडा अधिक असेल तर इसीयू जादा पेट्रोल देतोय, उणे असेल तर कमी करतोय. अधिक-उणे दहा टक्क्यांपर्यंत चालतं, पण वीस-पंचवीसच्या आसपास जाऊन तिथेच बसला की इसीयू हात टेकतो आणि लाईट लावतो.

माझ्या गाडीत आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक २२-२३. उभ्या गाडीतच रेस देऊन २५०० आरपीएमला धरलं की हळूहळू ६-७ वर उतरायची. हे बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही, कारण इथे उत्तरच मिळालं. कुठूनतरी चोरून हवा आत येत असेल तर आयडलला इंजिन एकूण हवाच कमी घेतं म्हणून ती चोरीची हवा मोठी ठरते, रेस दिल्यावर तेवढीच हवा नगण्य होते. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर बरोबर उलटं दिसलं असतं, लोडवर, म्हणजे इंजिनवर जोर पडला की, आकडा चढला असता. ते पण बघून घेतलं, पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत असताना भाचा शेजारी बसून आकडे वाचत होता (चालवणाऱ्याने मोबाईलकडे बघू नका कृपया), चढावर ट्रिम ४-५ च्या वर गेलीच नाही. म्हणजे पंप ठीक.

फ्रीझ फ्रेम नावाचा अजून एक पर्याय ॲपमध्ये असतो, कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिन काय करत होतं त्याचा तो फोटोच समजा. माझ्यात स्पीड शून्य, आरपीएम आठशेच्या आत, इंजिन पूर्ण गरम, म्हणजे सिग्नलला उभं असताना कोड पडलाय. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला.

हे स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या मेकॅनिकदादांकडे गेलो आणि म्हटलं की कुठलाही पार्ट बदलू नका, आधी इनटेकमध्ये धूर सोडून लीक बघा. त्यांनी आकडे शांतपणे बघितले, आणि मशीन लावल्यावर लगेच इंजिनच्या मागून धूर, पीसीव्हीची (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) रबरी नळी वाकणाच्या खालच्या बाजूने चिरलेली. वरून बघितलं तर एकदम धडधाकट. नळी बदलली, तिचा खर्च त्या सेन्सरच्या पुढे काहीच नाही. काही जण चालू गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारून लीक शोधतात, ते घरी करू नका, आग लागू शकते.

एक लक्षात ठेवा, हे गणित माझ्या गाडीत हवा मोजायला मॅफ सेन्सर (आत येणारी हवा थेट मोजणारा) आहे म्हणून इतकं स्वच्छ दिसलं. बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर (इनटेकमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेणारा) असतो, तिथे अशी हवा आत आली की ट्रिमपेक्षा आयडल आरपीएम वाढलेला दिसतो.

आणि ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं पण बोलायला हवं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, त्यामुळे ई-२० ला साधारण १३.५ पटच हवा लागते, ई-१० ला (१० टक्के इथेनॉल) १४.१ च्या आसपास. म्हणजे जुन्या गाडीचा ट्रिम नुसत्या ई-२० मुळेच चार-एक टक्के वर सरकतो. तेवढ्याने लाईट लागत नाही, पण आधीच छोटा लीक असेल तर तो काठावरून पलीकडे जायला एवढं पुरतं. माझ्या मते जुन्या गाड्यांत हा कोड दिसला तर हे डोक्यात ठेवूनच आकडे वाचावेत.

लाईट आपोआप विझली म्हणून खूश होऊ नका. सलग तीन वेळा गाडी चालवताना दोष दिसला नाही की इसीयू लाईट बंद करतो, पण कोड आत राहतो, साधारण ४० वेळा इंजिन गरम होऊन थंड होईपर्यंत. बॅटरीची वायर काढून लाईट घालवणारेही भेटतात, त्याने शिकलेले ट्रिम पण पुसले जातात आणि दोष जिथल्या तिथे. लाईट ब्लिंक होत असेल तर विषय वेगळा, तो मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं, तिथे ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या.

स्कॅनरबद्दल तक्रारी पण आहेत. बाजारात ईएलएम३२७ (स्कॅनरमधल्या मूळ चिपचं नाव) म्हणून मिळतात ते जवळजवळ सगळे नकली चिपचे, माझा पहिला काही कमांडच ओळखत नव्हता, तो परत करून दुसरा घेतला. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ) वाला बघून घ्या. एबीएस, एअरबॅगचे कोड यात सहसा दिसत नाहीत. सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचा करंट गाडी बंद असली तरी चालूच असतो, म्हणून गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा.

नळी बदलल्यापासून आयडलचा ट्रिम ५ ते ७ मध्ये आहे, त्यात ई-२० चा वाटा धरला तर उत्तमच, आणि पावसाळा पूर्ण गेला तरी लाईट लागलेली नाही. तुमच्याकडे लागली असेल तर कोड पुसायचं बटण दाबण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते.