सॉफ्ट जेल मीडियम: फोटो आणि रंग एकत्र वापरणाऱ्यांनी घ्यावं का?

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंगमधे फोटो वापरायचा म्हटलं की बरेच जण प्रिंट काढतात, कॅनव्हासवर चिकटवतात आणि वरून रंग फिरवतात. मला ते कधीच पटलं नाही, कागदाची कड कितीही रंगवली तरी उठून दिसते आणि नजर तिथेच अडकते. अ‍ॅक्रिलिकचं सॉफ्ट जेल, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणारं बिनरंगी घट्टसर मीडियम, वापरायला लागल्यावर हा प्रॉब्लेम संपला, कारण यात कागद राहतच नाही, फक्त शाई राहते.

करायचं असं की लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्यायची, कॅनव्हासवर किंवा लाकडी पॅनलवर जेलचा एकसारखा थर द्यायचा, प्रिंट पालथी टाकायची आणि जुन्या कार्डाने मधून बाहेर बुडबुडे काढायचे. रात्रभर वाळू द्या, घाई नकोच. मग स्पंजने मागचा कागद ओला करून बोटाने गोल गोल चोळायचं, कागदाच्या बारीक वळकट्या सुटायला लागतात आणि खालून फोटो वर येतो. तो क्षण खरंच भारी असतो! जोर दिला तर मात्र फोटोच निघून येतो, खास करून कोपऱ्यात. सगळं वाळल्यावर पांढुरकी झाक दिसते, ते राहिलेले कागदाचे तंतू, परत ओलं करून हलकं चोळा आणि शेवटी जेलचा पातळ हात द्या, झाक जाते.

इंकजेटची साधी प्रिंट यात चालत नाही, शाई पाण्यात विरघळून पसरते. लेझर प्रिंट आणि झेरॉक्सची शाई, म्हणजे टोनर, ही मुळात प्लॅस्टिकची पूड, त्याला पाण्याने काही होत नाही. फोटो उलटा उमटतो, म्हणून अक्षरं असतील तर आधी मिरर करून घ्या.

आता ज्यासाठी मी हे जेल सुचवतेय ती गोष्ट. टोनरमधे पांढरा रंग नसतो, त्यामुळे फोटोत जिथे जिथे पांढरं आहे तिथे खालचा रंग आरपार दिसतो. म्हणजे आधी गेरू किंवा पिवळा मोठ्या ब्रशने मारून ठेवला तर फोटोतलं आभाळ त्याच रंगाचं होतं आणि ब्रशचे फटकारे ढगांसारखे दिसतात. फोटो रंगांच्या मधला एक थर होऊन जातो. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरच्या रंग फासलेल्या फोटोंमधे, बहुतेक १० बाय १५ सेंटीमीटरच्या साध्या प्रिंट्स, मोठ्या पेंटिंगवर रंग ओढायच्या पट्टीवर उरलेला ओला ऑइल कलर फोटोच्या वर बसतो, ती मजा वेगळी. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्गने १९५८ ते ६० मधे मासिकांतले फोटो सॉल्व्हंटने (शाई विरघळवणाऱ्या द्रवाने) ओले करून मागून घासून कागदावर उतरवले, जेलची ही पद्धत त्याच्या जास्त जवळची आहे, फक्त इथे सॉल्व्हंटचा वास डोक्यात जात नाही.

ग्लॉस घ्यायचं की मॅट? मॅट जाड लागलं तर धुरकट दिसतं, काळे भाग राखाडी होतात. ट्रान्सफरला ग्लॉस घ्या आणि वर रंग चढवायचा असेल तर शेवटचा पातळ हात मॅटचा, कारण गुळगुळीत ग्लॉसवर ब्रश घसरतो. पूर्ण वाळल्यावर वरून ऑइल कलरही चालतो, पण ऑइलवर हे जेल लावू नका, ते नीट धरत नाही आणि पुढे सुटून येतं. कॅनव्हासपेक्षा लाकडी पॅनलवर चेहऱ्यासारखे बारीक डिटेल्स जास्त स्वच्छ येतात, कॅनव्हासची वीण मधे मधे फोटो तोडते, अर्थात तुम्हाला तेच हवं असेल तर कॅनव्हासच घ्या.