पान एक वर्गात: छापील अंक की ई-पेपर?

आठवी-नववीच्या मुलांकडून पहिल्या पानांची तुलना करून घ्यायची तर एकाच तारखेचे, एकाच शहरातले ३ अंक लागतात. समजा ‘लोकसत्ता’, ‘सकाळ’ आणि ‘लोकमत’. चार मुलांमागे एक संच पुरतो. प्रश्न उरतो तो अंक छापील आणायचे की ई-पेपरवर भागवायचं, एवढाच.

ई-पेपरची एक बाजू निर्विवाद भक्कम आहे. एकाच दैनिकाची कोल्हापूर आणि नागपूर आवृत्ती शेजारी-शेजारी लावता येते. स्टॉलवर हे मिळत नाही. मागच्या तारखाही सापडतात. रद्दीत नेमका हवा तोच दिवस गायब असतो.

पण मोबाईलवर वाचता यावं म्हणून मुलं पान मोठं करतात आणि तिथेच धडा बिघडतो. एका कॉलमातली बातमी आणि पाच कॉलमी लीड म्हणजे पानाची मुख्य बातमी, दोन्ही सारख्याच पडदाभर होतात. काही ई-पेपरमध्ये तर बोट लावताच बातमी पानातून सुटून वेगळ्या खिडकीत उघडते. मग संपादकाने कशाला महत्त्व दिलं असं विचारलं की मुलं स्वतःला आवडलेली बातमी सांगतात. प्रोजेक्टरवर पान अख्खं दिसतं खरं, पण मथळ्यांखालचं मागच्या बाकांवरून वाचता येत नाही.

छापील अंकावर घडीच्या वर, म्हणजे संपादकाने महत्त्वाचं मानलेलं, काय आहे, हे सांगावंच लागत नाही. कोणत्या बातमीला किती जागा दिली, याची मोजणी पट्टीने, सेंटीमीटरमध्येच करावी. कॉलम मोजू नयेत, त्यांची रुंदी दैनिकागणिक बदलते. छापील भाग ३३ × ५२, म्हणजे १७१६ चौ. सेंमी असेल आणि लीड फोटोसह २० × १८, म्हणजे ३६०, तर तिचा वाटा २१ टक्के दिसतो. तळाची ३३ × १७ ची जाहिरात वजा केली की तोच ३१ टक्क्यांवर जातो. जाहिरात न वगळता दोन दैनिकांची तुलना केली तर निष्कर्ष हमखास चुकतो. दिवाळीच्या सुमारास अंकावर जाहिरातींचं जॅकेट, म्हणजे बाहेरून गुंडाळलेलं जादा पान असतं. ते काढून आतलं खरं पान एक घ्यावं.

छापीलची खोड वेगळी. तालुक्याला येणारी आवृत्ती लवकर छापलेली असते. रात्री उशिरा संपलेल्या सामन्याचा निकाल तीत नसला की मुलं म्हणतात, बातमी दाबली. म्हणून आवृत्तीचं नाव आधी टिपून घ्यावं.

दिवस शक्यतो साधा निवडावा. २ फेब्रुवारीला सगळीकडे अर्थसंकल्पच असतो. मथळ्यांची भाषा तपासायला तो उत्तम, बातम्यांची निवड तपासायला नाही.

परगावच्या आवृत्त्या हव्यातच, तर ई-पेपरचं पान ए-थ्रीवर छापून घ्यावं. पान साधारण पाऊण आकाराचं होतं, पण टक्केवारी बदलत नाही आणि मजकूर कसाबसा वाचता येतो. ए-फोरवर तोही येत नाही.