चित्रकलेच्या तासाला छायाचित्रण: मोबाइल, कॅमेरा की ऊन?

चित्रकलेच्या तासाला छायाचित्रण सुरू करू इच्छिणाऱ्या सोलापुरातील कलाशिक्षकांपुढे प्रामुख्याने तीन वाटा आहेत: पालकांचे मोबाइल, शाळेने घेतलेला एखादा डीएसएलआर कॅमेरा आणि कॅमेऱ्याशिवाय, रसायन लावलेल्या कागदावर उन्हात उमटणारा निळा ठसा, म्हणजे सायनोटाइप. त्यांची तुलना बहुधा चित्रांच्या दर्जावरून होते. मला मात्र आधी हे पाहावेसे वाटते, की ६० मुलांच्या वर्गात ४० मिनिटांच्या तासाला प्रत्येक मुलाच्या हाताला काय काम मिळते.

या कसोटीवर डीएसएलआर लगेच मागे पडतो, कारण एका कॅमेऱ्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात आणि बाकीचा तास रांगेत जातो. तरीही शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि अ‍ॅपर्चर (भिंगातले प्रकाशाचे छिद्र किती मोठे) यांचा परिणाम इतका स्पष्ट दाखवणारे साधन या तिघांत दुसरे नाही. १/५०० सेकंदाला मैदानावर धावणारे मूल जागच्या जागी थांबलेले दिसते, तर १/३० सेकंदाला यंत्रमागाचा धोटा नुसती रेघ होऊन उरतो. शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या आठ-दहा मुलांच्या गटासाठी तो जरूर असावा. संपूर्ण वर्गासाठी त्यावर खर्च करू नये.

मोबाइलला वेगळा खर्च नाही, आणि पाच-सहा मुलांत एक मिळाला तरी तास चालतो. बहुतेक मोबाइलचे अ‍ॅपर्चर मात्र कायम असते आणि पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी सॉफ्टवेअरने तयार केलेली असते, हे मुलांना सांगायला हवे. त्याहून मोठी अडचण अमर्याद फोटोंची आहे. दीडशे फोटो काढणारे मूल एकही नीट पाहत नाही. म्हणून प्रत्येकाला पाचच फोटोंची मुभा द्यावी आणि विषय एकच ठेवावा, उदाहरणार्थ भुईकोट किल्ल्याची तटबंदी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला. मोबाइल घरच्यांचा असल्याने पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि अनोळखी माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

माझा कल सायनोटाइपकडे आहे, आणि त्याचे एक कारण आपल्या गावाचे ऊन हेच आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे सम प्रमाणात मिसळून मंद पिवळ्या दिव्याखाली कागदावर लावतात आणि कागद अंधारात वाळवतात. त्यावर वस्तू मांडून कागद उन्हात ठेवला की अतिनील किरण पोहोचतात तेवढाच भाग, पाण्याने धुतल्यावर, गडद निळा होतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळाचे ठसे याच रीतीने घेतले. आपल्याकडे कडुनिंबाची डहाळी आहे, सुताची लडी आहे. पण सर्वांत सुंदर ठसा उमटतो तो चादरीच्या मागावरील जुन्या जॅकार्ड कार्डाचा, म्हणजे नक्षीसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याचा. ज्या भोकांवरून नक्षी विणली जाते, तीच भोके कागदावर निळे ठिपके होऊन येतात, आणि ज्या मुलांच्या घरी माग आहे ती मुले त्या ठिपक्यांचा अर्थ वर्गाला समजावून सांगतात.

कागद आधल्या दिवशी तयार असतील, तर जोडतासात साठही मुलांचे ठसे होतात. धुण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात प्रत्येक ठसा वाहत्या पाण्याखाली धरणे परवडणार नाही; तीन टबांत क्रमाने धुतले तरी काम होते. बोअरचे क्षारयुक्त पाणी निळा रंग फिका करू शकते, म्हणून पहिल्या टबात थोडा लिंबाचा रस घालावा. द्रावण लावताना हातमोजे हवेत, रसायने कुलपात असावीत आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणू नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो.

वेळापत्रकही यावरच ठरते. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक छिद्र पाडून समोरच्या बटर पेपरवर उलटी प्रतिमा पाहावी, दिवाळीनंतर आकाश निवळले की सायनोटाइप घ्यावा, मोबाइल त्यानंतर. ज्या शाळेत पट वीसच्या आत आहे, तिथे मात्र मोबाइलच्या जागी शाळेचाच एक कॅमेरा आणणे मला अधिक योग्य वाटते.